धूळ मागच्या दाराने (लेखांक ९)

दुहेरी छताविषयी लिहायचं कबूल केलं होतं, पण ते आज होणार नाही. मोहोळकडच्या एका बागायतदार वाचकांचं पत्र आलंय. त्यांच्या हार्डटॉप जीपला दारांची रबरं नवी घातली, काचा घट्ट लावल्या, तरी शेतातून घरी पोचेपर्यंत मागच्या बाकावर बोटाने नाव लिहावं एवढा फुफाटा. उकाडा वेगळाच. ‘आणखी कुठे रबर घालू?’ असं ते विचारतात.

रबर पुरे झालं. आता आत हवा घाला.

धावत्या जीपच्या पुढच्या दारांच्या काचांशी हवा जोरात सरकते आणि तिथला दाब उतरतो. काच बोटभर खाली केली की बिडीचा धूर बाहेर ओढला जातो, तो यामुळेच. काच बंद असली तरी दाराच्या फटींतून हे ओढणं चालूच राहतं. गेलेल्या हवेची भरपाई कुठून तरी व्हायला हवी. ती होते मागच्या दारातून, कारण तिथला दाब पुढच्या दारांजवळच्याइतका उतरलेला नसतो. आणि मागे तर आपल्याच चाकांनी उडवलेला धुरळा गाडीच्या पाठीला लागून चाललेला असतो! मागचा पडदा गुंडाळून पुढच्या काचा खाली करणारे लोक ‘वारा लागतो’ म्हणतात. लागतो खरा, पण मागून, धुळीसकट. सायलेन्सरचा धूरही त्याच वाटेने येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उपाय एकच: आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा चढा ठेवायचा. थोडा म्हणजे किती? युरोपात ट्रॅक्टरच्या केबिनसाठी ईएन १५६९५ हे मानक आहे. धूळ रोखणाऱ्या केबिनमध्ये ते किमान २० पास्कल मागतं. पारदर्शक नळीत पाणी भरून मोजलं तर पातळीत जेमतेम २ मिलिमीटरचा फरक. ताशी ४० किलोमीटरला समोरून येणारा वारा साधारण ७५ पास्कलने रेटत असतो, म्हणजे फुकटची मदत पुढेच उभी आहे. १९४९च्या सुमाराच्या सीजे-३ए जीपला समोरच्या काचेच्या चौकटीत, खालच्या अंगाला, हवेची झडप होती. दाबासाठी जागा अगदी नेमकी, फक्त तिच्यापुढे फिल्टर नव्हता.

ज्यांच्या गाडीत एसी आहे, ते धुळीत हटकून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबतात. पुढे ट्रक असेल तेवढ्यापुरतं ठीक. एरवी बाहेरची हवा घ्या, फिल्टर साफ ठेवा, ब्लोअर मोठा करा. एसी नसेल तर १२ व्होल्टचा ब्लोअर बसवून घ्या, पण गोगलगाईच्या शंखासारखं घर असलेला. साधा पात्यांचा पंखा फिल्टर जरा तुंबला की हवा ढकलायचं सोडतो. तोंडाला कागदी घड्यांचा एअर फिल्टर लावा आणि हवा उंचावरून, टपाजवळून घ्या. तिथे धूळ विरळ असते. बॉनेटच्या मागच्या कडेशी तोंड ठेवलंत तर इंजिनाची धग आणि डिझेलचा वास विकत घ्याल.

उकाड्याचं अर्धं उत्तर यातच आहे. क्लचची तार, स्टिअरिंगचा दांडा, वायरिंग आणि गिअरचा फाटका बूट यांच्या भोकांतून धूळ येते, तिथूनच इंजिनाची गरम हवाही पायांवर येते. आत दाब चढला की दोन्ही उलट फिरतात. बाहेरची ४२ अंशांची हवा गार नव्हेच, पण उन्हात बंद उभ्या जीपच्या पोटातल्या हवेपेक्षा पुष्कळ बरी.

भोकं शोधायला अंधारात आत मोठा दिवा लावा आणि बाहेरून फिरून बघा. मग इंजिन बंद ठेवून ब्लोअर चालू करा आणि बाहेरून प्रत्येक फटीशी उदबत्ती धरा. धूर दूर ढकलला गेला पाहिजे. मागच्या दाराशी तो जागीच रेंगाळला, तर ब्लोअर लहान पडतोय किंवा भोकं अजून मोठी आहेत. भोकं आधी बुजवा, ते स्वस्त पडतं. छत पुढच्या आठवड्यात.