श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेची माघार

(१९८९–९०). भारत-श्रीलंका करारान्वये श्रीलंकेच्या उत्तर व पूर्व भागांत गेलेली भारतीय शांतिसेना तेथील युद्ध चालू असतानाच परत आणावी किंवा कसे, याविषयी दोन्ही देशांत झालेला वाद आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने घडून आलेली तिची माघार. ही सेना ३० जुलै १९८७ ते २४ मार्च १९९० अशी सु. ३२ महिने श्रीलंकेत होती. ऐन भरात तिच्यात चार डिव्हिजन व सु. ७० हजारांहून अधिक सैनिक होते. परदेशातील युद्धातून सैन्य केव्हा काढून घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः जय-पराजयाच्या परिभाषेत मांडला जातो. या प्रकरणात मात्र त्याचे उत्तर रणांगणावर ठरले नाही. यजमान राष्ट्राची संमती आणि स्वदेशातील सत्तांतर या दोन गोष्टींनी ते ठरविले आणि त्याची किंमत मुख्यतः सेनेवर विसंबून राहिलेल्या स्थानिक लोकांना मोजावी लागली.

पार्श्वभूमी : स्वातंत्र्यप्राप्तीनंतर श्रीलंकेतील सिंहली बहुसंख्याक व तमिळ अल्पसंख्याक यांच्यात भाषा, शिक्षण व शासकीय नोकऱ्या यांवरून वितुष्ट वाढत गेले. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात १३ सैनिक मारले गेल्यावर देशभर तमिळविरोधी दंगली उसळल्या. त्यानंतर एक लाखाहून अधिक निर्वासितांनी तमिळनाडूत आश्रय घेतला. भारताने एकीकडे मध्यस्थी चालविली, तर दुसरीकडे तमिळ सशस्त्र गटांना प्रशिक्षण व साहाय्य दिले. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पात मोठी मोहीम उघडली, तेव्हा ४ जून रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी तेथे अन्नसामग्री टाकली. त्यानंतर २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी व राष्ट्राध्यक्ष ज्यु. रि. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकीकरण, प्रांतिक परिषदांना अधिकारदान, सशस्त्र गटांचे शस्त्रसमर्पण आणि श्रीलंकेच्या सैन्याने आपल्या छावण्यांत परतणे, ही कराराची प्रमुख कलमे होती. या करारावर सशस्त्र तमिळ गटांपैकी कोणाचीही सही नव्हती.

शांतिसेनेकडून युद्धाकडे : शस्त्रसमर्पणावर देखरेख करणे, एवढेच शांतिसेनेचे मूळ काम होते. लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम (टायगर्स) या सर्वांत प्रबळ गटाने काही शस्त्रे दिली, पण बरीचशी राखून ठेवली. ऑक्टोबर १९८७ च्या प्रारंभी श्रीलंकेच्या ताब्यातील टायगर्सच्या बारा जणांनी सायनाइड घेऊन आत्महत्या केल्या. त्यानंतर टायगर्सनी युद्धविराम मोडला आणि भारतीय सेनेला त्यांच्याविरुद्ध ‘ऑपरेशन पवन’ ही मोहीम हाती घ्यावी लागली. सु. दोन आठवड्यांच्या लढाईनंतर जाफना शहर तिच्या ताब्यात आले, परंतु टायगर्स वन्नीच्या अरण्यात गेले व गनिमी युद्ध सुरू झाले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन (जन्म मुंबई, १९४६) हे २५ नोव्हेंबर १९८७ रोजी अशाच एका चकमकीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. संपूर्ण मोहिमेत सु. १,२०० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले आणि सु. तीन हजार जखमी झाले.

ज्या तमिळ जनतेच्या संरक्षणासाठी सेना गेली, तिच्यापैकीच अनेकांचा तिच्या हातून बळी गेला. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण मारले गेले. ऑगस्ट १९८९ मध्ये टायगर्सच्या हल्ल्यात सैनिक ठार झाल्यानंतर वल्वेट्टितुरई या गावात अनेक नागरिक ठार झाले. सुरुवातीला पुष्पमाला घेऊन स्वागत करणाऱ्या समाजाचा विश्वास या घटनांमुळे ओसरला.

वादाचे कायदेशीर मूळ : माघारीच्या वादात दोन्ही पक्षांनी एकाच कराराचा आधार घेतला. कराराच्या परिशिष्टानुसार, शत्रुत्वाच्या कारवाया थांबविण्याची हमी देण्यासाठी भारतीय शांतिसेनेस पाचारण करण्याचा अधिकार श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या इच्छाधीन होता. ज्याने पाचारण केले, तोच निरोपही देऊ शकतो, असा श्रीलंकेचा युक्तिवाद होता. उलटपक्षी, कराराच्या मुख्य भागात भारताने त्यातील तरतुदींची हमी घेतली होती. तेव्हा सत्तेचे विकेंद्रीकरण व तमिळांची सुरक्षितता साध्य होण्यापूर्वी सेना परत नेणे म्हणजे स्वतःच दिलेली हमी मोडणे होय, असे भारताचे म्हणणे होते. सेनेच्या मुक्कामाची मुदत मात्र करारात कोठेही निश्चित केलेली नव्हती. ही उणीव पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ ठरली.

माघारीची मागणी : रणसिंघे प्रेमदासा यांचा पंतप्रधान असतानाही कराराला विरोध होता. डिसेंबर १९८८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली संघटनेने परकीय सेनेविरुद्धच्या असंतोषाच्या आधारे रक्तरंजित उठाव चालविला होता. सेना गेली, तर त्या उठावातील राष्ट्रवादी धार बोथट होईल, असा प्रेमदासा यांचा हिशोब होता. त्यांनी टायगर्सशी बोलणी सुरू केली आणि भारतीय सेनेने २९ जुलै १९८९ पर्यंत देश सोडावा, अशी जाहीर मागणी १ जून रोजी केली. भारतीय सेना ज्यांच्याशी लढत होती, त्या टायगर्सना याच काळात श्रीलंकेच्या शासनाकडून शस्त्रे पुरविली गेली. राजीव गांधींनी माघार आणि अधिकारदान यांचे वेळापत्रक समांतर चालावे, असा आग्रह धरला. परिणामतः २९ जुलै रोजी केवळ एक लहानशी तुकडी परत गेली. अखेर १८ सप्टेंबर १९८९ च्या समझोत्यानुसार वर्षअखेरीपर्यंत माघार पूर्ण करण्याचे ठरले.

उभय बाजूंचे युक्तिवाद : सेना ठेवावी, असे मानणाऱ्यांची भूमिका तीन मुद्यांवर उभी होती. पहिला मुद्दा असा, की नोव्हेंबर १९८८ च्या निवडणुकीतून आलेली व वरदराज पेरुमाळ यांच्या नेतृत्वाखालील उत्तर-पूर्व प्रांतिक परिषद ही भारताच्या आश्वासनावर उभी होती. तिला वाऱ्यावर सोडणे नैतिक दृष्ट्या अयोग्य होते. दुसरे म्हणजे, टायगर्सचे बळ खच्ची झाले असले, तरी नष्ट झालेले नव्हते. तिसरे असे, की त्रिंकोमालीचे बंदर भारताला प्रतिकूल अशा शक्तीच्या हाती जाऊ नये, ही भारताची सामरिक चिंता होती.

सेना परत आणावी, असे म्हणणाऱ्यांचे युक्तिवादही तितकेच सबळ होते. सार्वभौम राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध तेथे राहिलेली सेना ही शांतिसेना उरत नाही, ती परचक्र ठरते. शिवाय यजमान शासन, शत्रू आणि स्थानिक जनता ही तिघेही विरोधात असताना लष्करी कारवाईस राजकीय उद्दिष्ट राहत नाही. आतापर्यंत झालेली प्राणहानी व्यर्थ जाईल, हे कारण आणखी प्राणहानी पत्करण्यास पुरेसे नाही, हा या पक्षाचा सर्वांत बोचरा मुद्दा होता. परदेशी सैन्य पाठविण्यासाठी संसदेची पूर्वसंमती घेण्याचे कायदेशीर बंधन भारतात नाही. त्यामुळे हे युक्तिवाद निर्णयाच्या आधी नव्हे, तर नंतर लोकांसमोर आले.

माघार व तिचे परिणाम : नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव होऊन विश्वनाथ प्रताप सिंह यांचे शासन अधिकारावर आले. त्याने मार्च १९९० अखेरची मुदत स्वीकारली आणि २४ मार्च रोजी शेवटच्या तुकड्यांनी त्रिंकोमाली सोडले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री मु. करुणानिधी या सैनिकांच्या स्वागतास उपस्थित राहिले नाहीत.

सेना जसजशी जिल्हे सोडत गेली, तसतसे ते टायगर्सच्या ताब्यात गेले. प्रांतिक परिषदेच्या रक्षणासाठी भारताच्या साहाय्याने घाईने उभारलेली व सक्तीने भरती केलेल्या तरुणांची तमिळ राष्ट्रीय सेना कोलमडली. तिच्यातील अनेक तरुण ठार झाले. पेरुमाळ यांनी भारतात आश्रय घेतला. त्यांच्या पक्षाचे नेते के. पद्मनाभ यांची जून १९९० मध्ये मद्रास येथे अनेक सहकाऱ्यांसह हत्या झाली. त्याच महिन्यात टायगर्सनी पूर्व प्रांतात शरण आलेल्या शेकडो पोलिसांना ठार मारले व श्रीलंकेच्या शासनाशी पुन्हा युद्ध पेटले. टायगर्सनी २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींचा आणि १ मे १९९३ रोजी प्रेमदासांचा बळी घेतला. युद्ध मे २००९ मध्ये टायगर्सच्या संपूर्ण पराभवाने संपले. उत्तर व पूर्व प्रांतांचे एकीकरण २००६ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. करारानंतरच्या तेराव्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या प्रांतिक परिषदा हे मात्र त्या कराराचे टिकून राहिलेले फलित होय.

तौलनिक विचार : परकीय सेना गेल्यावर तिच्या आश्रयाने उभी असलेली सत्ता किती काळ तग धरते, याची अन्य उदाहरणेही उद्‌बोधक आहेत. अमेरिकेचे लढाऊ सैन्य मार्च १९७३ मध्ये दक्षिण व्हिएटनाममधून गेले व सायगाव ३० एप्रिल १९७५ रोजी पडले. सोव्हिएट सेनेने १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तान सोडले. परंतु शस्त्रे, इंधन व धान्य यांचा पुरवठा चालू राहिल्याने नजीबुल्ला यांचे शासन एप्रिल १९९२ पर्यंत टिकले. २०२१ मध्ये अमेरिकेची शेवटची तुकडी ३० ऑगस्टला निघाली, पण काबूल त्यापूर्वीच १५ ऑगस्टला पडले होते. म्हणजे सैन्याची उपस्थिती हा एकच निर्णायक घटक नसतो. मागे राहणाऱ्या सत्तेचा पुरवठा, तिची लोकमान्यता आणि तिचे आपल्या शत्रूंशी झालेले समझोते यांवरही तिचे आयुष्य अवलंबून असते. पेरुमाळ यांच्या परिषदेस यांपैकी कशाचाही आधार नव्हता. त्यामुळे शेवटचे भारतीय जहाज सुटण्यापूर्वीच ती संपुष्टात आली.

मूल्यमापन : यजमान राष्ट्राने संमती काढून घेतल्यावर भारतापुढे माघारीखेरीज दुसरा न्याय्य मार्ग नव्हता, असे सामान्यतः मानले जाते. टीका होते ती माघार घेण्यावर नव्हे, तर ती ज्या रीतीने घेतली गेली, तिच्यावर. सेनेची उद्दिष्टे, मुदत आणि परतीच्या अटी जातानाच ठरलेल्या नव्हत्या. सेनेला साथ देणाऱ्यांच्या संरक्षणाची सोय न होताच ती निघाली. जुलै २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य पाठविण्याची अमेरिकेची विनंती भारताने अमान्य केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाची अट पुढे केली. श्रीलंकेत कामी आलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक कोलंबोनजीक श्री जयवर्धनपुर कोट्टे येथे आहे. त्यांच्या भरवशावर राहिलेल्या स्थानिक तरुणांची मोजदाद मात्र नीटशी झालेली नाही. परदेशात सेना धाडणाऱ्या राष्ट्राने तिच्या परतीचा विचार करताना या दुसऱ्या यादीचाही हिशोब ठेवणे आवश्यक असते, हा या प्रकरणाचा स्थायी बोध होय. [→ श्रीलंका].