‘अंगात रक्त नाही’ म्हणजे नेमकं काय?

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे पैसे कापले जाणार. मोळी डोक्यावर घेताना बाईला चक्कर आली, दम लागला, तर सगळे म्हणतात, “अंगात रक्त नाही.” बोलणं तिथेच संपतं. खरं तर तिथून ते सुरू व्हायला हवं. रक्त कमी असणं ही खूण आहे, तिच्यामागचं कारण शोधावं लागतं. ते शोधण्याच्या आड पुढचे समज येतात.

गैरसमज : बाईला थोडं रक्त कमी असायचंच.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इतक्या जणींना असला, तरी तो आजारच. स्त्रीचं हिमोग्लोबिन १२, गरोदरपणी ११ आणि पुरुषाचं १३ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. तो हळूहळू वाढतो तेव्हा शरीर जुळवून घेतं. म्हणून हिमोग्लोबिन आठवर आलेली बाईही फडात उभी दिसते. पण बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तरी तिच्या जिवावर बेततं.

गैरसमज : बीट आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले की रक्त भरून येतं.

वस्तुस्थिती : बीट लाल आहे म्हणून त्यात लोह भरपूर नसतं. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, तेवढ्याच गुळात साधारण चार-पाच मिलिग्रॅम. मोठ्या बाईची रोजची गरज मात्र २९ मिलिग्रॅम आहे. आपली बाजरी याबाबतीत गुळापेक्षा सरस. भाकरीसोबत डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळलं, तर लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते शोषू देत नाही, म्हणून चहा तास-दोन तासांनी घ्यावा. मात्र रक्तक्षय झालेला असेल, तर केवळ आहारावर भागत नाही, औषध लागतंच.

गैरसमज : लोहाच्या गोळ्या गरम पडतात, शौचाला काळं होतं, म्हणजे त्या सोसत नाहीत.

वस्तुस्थिती : न शोषलेल्या लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ झाली तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, चहा-दुधासोबत नको. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला रोज एक गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस देतात. बरं वाटलं म्हणून महिन्यातच थांबलं, तर शरीरातला लोहाचा साठा रिकामाच राहतो.

गैरसमज : अंगावरून फार जातं, तर पिशवी काढली की सगळं मिटतं.

वस्तुस्थिती : या समजाची किंमत बीडने मोजली आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अतिरक्तस्रावाने रक्तक्षय होतो, हे खरं. पण त्या स्रावाची कारणं अनेक असतात आणि बऱ्याच वेळा औषधांनी तो आटोक्यात येतो. शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय आहे. तरुणपणी सोबत अंडाशयंही काढली, तर हाडं लवकर ठिसूळ होतात. शिवाय अन्नातलं लोह कमी किंवा पोटात जंत असतील, तर पिशवी काढूनही रक्तक्षय तसाच राहतो.

गैरसमज : मशेरीने दात मजबूत राहतात.

वस्तुस्थिती : मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने दुखरा दात काही वेळ बधिर वाटतो, कीड मात्र आत चालूच राहते. तंबाखूने भूकही मरते. मुंबईत गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात तंबाखू-मशेरी वापरणाऱ्यांचं हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं. रक्तक्षयाच्या खुणा तोंडातही दिसतात : फिकट हिरड्या, गुळगुळीत होऊन आग होणारी जीभ, चिरलेले ओठांचे कोपरे. माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटणं हीसुद्धा लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते.

गैरसमज : रक्त कमी आहे म्हणून हिरड्यांतून रक्त येतं. अशात दाढ काढली तर रक्त थांबणारच नाही.

वस्तुस्थिती : हिरड्यांतून रक्त बहुधा दातांवरच्या कीटणामुळे येतं. घाबरून ब्रश बंद केला, तर ते वाढतं. लोहाच्या कमतरतेने रक्त गोठायचं थांबत नाही. मात्र रक्तक्षय तीव्र असेल, तर जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून दंतवैद्य आधी तपासणी सांगतात. खरा धोका असतो तो हिमोफिलियात किंवा प्लेटलेट घटलेल्या असताना. हिमोफिलियाच्या रुग्णाचीही दाढ काढता येते, पण गोठण घटक देण्याची आधी तयारी करून. लहानपणी दात पडताना रक्त थांबलं नव्हतं, साध्या धक्क्याने अंगावर निळे डाग पडतात, घरात कुणाला असा त्रास आहे, हे खुर्चीत बसण्याआधीच सांगावं. हिरड्या अचानक सुजल्या, सोबत ताप आणि डाग असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण रक्ताचा कर्करोगही असा सुरू होऊ शकतो.

गैरसमज : रक्ताचा कुठलाही आजार लोहाने बरा होतो.

वस्तुस्थिती : थॅलेसेमिया आणि सिकलसेल जन्मजात असतात. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलाच्या शरीरात लोह आधीच साठत असतं, वरून गोळ्या दिल्या तर यकृत आणि हृदयाला इजा होते. बी-१२ कमी असेल, तर लोह कितीही दिलं तरी फरक पडत नाही.

म्हणून टोळी निघण्याआधी उपकेंद्रात किंवा आशाताईंना विचारून हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते फार कमी निघालं तर बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. “रक्त कमी आहे” एवढ्यावर उठू नका. किती कमी आहे आणि कशामुळे, हे दोन प्रश्न विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. तो कागद कोयत्याबरोबर फडावरही न्या. तिथल्या डॉक्टरला त्यावरूनच पुढचं ठरवता येईल.