खिशातला चाकू : घ्यायचा तर असा

जेऊरच्या पोरांच्या खिशात घडीचा चाकू दिसला की लगेच दादागिरी समजू नका. ठिबकची नळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, बांधावर कांदा चिरायचा, कामं रोजचीच. मग घेताना काय बघाल?

पातं सात-आठ सेंटीमीटर पुरे. उघडून हलवून बघा. डुगडुगलं तर परत ठेवा. काम करताना बोटांवर मिटू नये म्हणून लॉक हवंच. फ्रान्सचा ओपिनेल चाकू १८९०चा, पण त्यालाही लॉकची फिरती कडी आली १९५५मध्ये! कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण लिंबू कापून तसंच ठेवलं की गंज आलाच. पुसायचा आळस असेल तर स्टेनलेस घ्या.

आणि हो, ‘छोटाच तर आहे’ हे उत्तर सगळीकडे चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७नुसार मनाई आदेश लागू असेल, तर चाकू बाळगणं महागात पडू शकतं. त्यामुळे जेऊरहून पुण्या-सोलापूरची गाडी पकडण्याआधी खिसा चाचपा. कॉलेजला, मोर्चाला जाताना चाकू घरीच बरा. आणि कुणाला धाक दाखवायला हवा असेल, तर घेऊच नका.