सात सीटांची जुनी गाडी घेताना : किंमत, खर्च आणि कागद

घरात दुसरे मूल आले, आजी-आजोबा कायमचे राहायला आले, की पाच जणांच्या गाडीत घर मावेनासे होते. मग सात सीटांच्या गाडीची चर्चा सुरू होते. नवी गाडी आवाक्याबाहेर वाटते, म्हणून नजर जुन्या गाडीकडे वळते. हा विचार चुकीचा नाही. नीट पारखून घेतलेली चार-सहा वर्षे वापरलेली गाडी कुटुंबाला बरीच वर्षे साथ देऊ शकते.

पण या खरेदीत छोटा बचतदार दोन ठिकाणी फसतो. गाडीची किंमत म्हणजेच तिचा खर्च, असे तो धरून चालतो. आणि कागदांचे नंतर पाहू, असे म्हणतो. या दोन्ही गोष्टी गाडी बघायला जाण्याआधी समजून घेऊ.

सातवी सीट किती दिवस लागते?

कॅलेंडर समोर घ्या. गेल्या तीन महिन्यांत सहा किंवा सात जण एकत्र किती दिवस बाहेर पडले, ते मोजा. मुलांची शाळा, आजोबांचा दवाखाना, आठवड्याचा बाजार यांसाठी सगळे वारंवार एकत्र निघत असतील, तर मोठ्या गाडीची गरज खरी आहे. सगळे एकत्र फक्त दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जात असतील, तर हिशेब वेगळा होतो.

समजा, वर्षातून दहा दिवस मोठी गाडी भाड्याने घेतली आणि ड्रायव्हरसह दिवसाला ६,५०० रुपये पडले. वर्षाचे झाले ६५,००० रुपये. स्वतःची गाडी बाळगण्याचा वर्षाचा खर्च याच्या किती पट होतो, ते पुढच्या उदाहरणात दिसेल. भाड्याची गाडी घेताना ती प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली, म्हणजे पिवळ्या पाटीची, आहे हे पाहा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.

खर्च किती, ते महिन्याच्या भाषेत

एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. महिन्याची आवक ६५,००० रुपये, घरखर्च ४०,००० रुपये, म्हणजे शिल्लक २५,०००. बँकेतील ठेवी ४,००,००० रुपये.

चार लाख आहेत म्हणून चारही लाख गाडीत घालायचे नाहीत. सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे २,४०,००० रुपये, आजारपण किंवा नोकरीतील खंड यासाठी बाजूला राहिलाच पाहिजे. उरले १,६०,०००. त्यातले ३०,००० रुपये नावावर करणे, विमा, पहिली सर्व्हिसिंग आणि लागलेच तर टायर यांसाठी राखून ठेवा. हातची रक्कम राहिली १,३०,०००. तीन लाखांचे कर्ज घेतले तर या कुटुंबाला ४,३०,००० रुपयांपर्यंतची गाडी परवडते. एजंट साडेपाच लाखांची गाडी दाखवील आणि 'हप्ता थोडाच वाढेल' असे म्हणेल, तेव्हा हा आकडा लक्षात असू द्या.

आता महिन्याचा भार पाहू. व्याजदर १३ टक्के आणि मुदत चार वर्षे धरली आहे:

- कर्जाचा हप्ता : ८,०४८ रुपये
- इंधन (८०० किलोमीटर, लिटरला १६ किलोमीटर अ‍ॅव्हरेज, १०० रुपये लिटर) : ५,००० रुपये
- विमा (वर्षाला १८,०००) : १,५०० रुपये
- सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी (वर्षाला २४,०००) : २,००० रुपये
- टोल आणि पार्किंग : १,००० रुपये

एकूण १७,५४८ रुपये. हप्ता यात निम्म्यापेक्षाही कमी आहे. वर्षाचा भार दोन लाख दहा हजारांच्या घरात जातो आणि महिन्याची बचत २५,००० वरून सुमारे ७,४५० रुपयांवर येते. मुलांच्या शिक्षणासाठी जी रक्कम साठवायची होती, तिच्यातूनच गाडी चालणार आहे. गरज खरी असेल तर हे जरूर करावे, पण आकडा पाहून करावे. तुमच्या शहरातले दर वेगळे असतील. वरच्या जागी स्वतःचे आकडे घालून बेरीज करा.

व्याजाचा दर कसा विचारावा

जुन्या गाडीच्या कर्जाला साधारणपणे नव्या गाडीपेक्षा जास्त व्याज पडते. त्यात 'फ्लॅट रेट' हा शब्द कानावर आला तर सावध व्हा. फ्लॅट दरात हप्ते फेडत गेलात तरी व्याज मूळच्या पूर्ण रकमेवरच मोजले जाते. तीन लाखांवर ८ टक्के फ्लॅट दराने चार वर्षांचे व्याज ९६,००० रुपये होते आणि हप्ता ८,२५० रुपये बसतो. वरच्या उदाहरणात घटत्या शिलकीवर १३ टक्के दर असूनही व्याज सुमारे ८६,३०० रुपये होते. म्हणजे इथे ऐकायला स्वस्त असलेला ८ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात १३ टक्क्यांपेक्षा महाग पडतो.

म्हणून दर घटत्या शिलकीवर आहे का, हे विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका आणि वित्त कंपन्यांनी व्यक्तिगत कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावा लागतो. त्यात सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्याच दरावर करा. मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती शुल्क लागेल, हेही त्याच कागदात वाचा.

आधी हप्त्याची तालीम

गाडी घेण्याआधी सहा महिने, गाडी घेतलीच आहे असे समजून दरमहा १७,५०० रुपये आवर्ती ठेवीत भरा. याने दोन गोष्टी कळतात. इतकी रक्कम दर महिन्याला खरोखर बाजूला निघते का, हे घरातल्या सगळ्यांना समजते. तिसऱ्याच महिन्यात ओढाताण होऊ लागली, तर ती कर्जाच्या हप्त्याआधी कळलेली बरी. ठेव मोडता येते, कर्ज मोडता येत नाही.

आणि तालीम पार पडली तर सहा महिन्यांत १,०५,००० रुपये जमतात. आता तीन लाखांऐवजी १,९५,००० रुपयांचे कर्ज पुरते. तेच १३ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे ६,५७० रुपये आणि एकूण व्याज ४१,५०० च्या आसपास. हप्ता कमी, मुदत एक वर्ष कमी आणि व्याजही निम्म्याहून कमी.

तिसऱ्या रांगेत स्वतः बसून पाहा

सात सीटा असल्या म्हणजे सात माणसे नीट बसतात असे नाही. गाडी बघायला जाताना घरातल्या ज्येष्ठांना आणि मुलांना बरोबर न्या. आजी मागच्या रांगेत चढू-उतरू शकते का? गुडघे पुढच्या सीटला टेकतात का? मागे एसीची हवा पोहोचते का? प्रत्येक सीटला चालू स्थितीतला पट्टा आहे का? सातही सीटा उघडल्यावर डिकीत काय मावते?

बाजारात सहज दिसणाऱ्या गाड्यांतही फरक मोठा आहे. २०१९ मध्ये आलेली रेनो ट्रायबर चार मीटरपेक्षा आखूड, गल्लीत सोयीची. पण इंजिन एक लिटरचे, त्यामुळे सात माणसांसह घाट चढताना ते कमी पडते, आणि तिसरी रांग लावल्यावर डिकीत अवघी ८४ लिटर जागा उरते. मारुती एर्टिगा २०१२ पासून आहे. २०१८ च्या अखेरीस आलेली दुसरी पिढी आकाराने मोठी असून तिसरी रांग लावूनही डिकीत सुमारे २०९ लिटर जागा मिळते. मात्र सीएनजी प्रकारात त्यातली बरीच जागा टाकी घेते. टोयोटा इनोव्हा ऐसपैस आणि टिकाऊ, पण जुनी झाली तरी किंमत टिकून असते. महिंद्रा बोलेरो खराब रस्त्यांना पुरून उरते, परंतु तिच्या अनेक प्रकारांत शेवटच्या सीटा आडव्या, समोरासमोर असतात. लहान मुलांना तिथे बसवणे सुरक्षित नाही.

जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत एबीएस ब्रेक आणि निदान ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची आहे. बजेटमध्ये बसत असेल तर त्यानंतरची गाडी पाहा. शेवर्ले आणि डॅटसन या कंपन्यांची भारतातली विक्री बंद झाली आहे. त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण तुमच्या गावात सुटे भाग मिळतात का, हे गॅरेजमध्ये आधी विचारा.

गाडी कुठे आणि कशी चालली

सात सीटांच्या कितीतरी गाड्या टॅक्सी म्हणून चाललेल्या असतात आणि नंतर खासगी करून विकल्या जातात. टॅक्सी वाईटच असते असे नाही, पण तिचे किलोमीटर जास्त असतात आणि किंमत त्या मानाने कमी हवी. गाडी पूर्वी व्यावसायिक नोंदणीत होती का, हे विचारा आणि आरटीओच्या नोंदीत तपासा. मीटर ४०,००० किलोमीटर दाखवत असेल आणि स्टीअरिंग, पेडलचे रबर, ड्रायव्हरची सीट पार झिजलेली असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्या मागून घ्या.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आत गाळाचे डाग किंवा कुबट वास असेल, तर गाडी पुरात सापडलेली असू शकते. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर आणि विम्यात नोंदलेले हवे, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. गाडी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, विकणाऱ्याच्या नव्हे. त्याला दिलेले हजार-दोन हजार वाया जात नाहीत.

कागद : इथे घाई नको

१. आरसी. इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळवा. बसण्याची क्षमता सात लिहिलेली आहे का, ते पाहा. नंतर बसवलेल्या सीटा चालत नाहीत. एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणी, विमा आणि पीयूसीची मुदत तपासा. थकलेले ई-चलन विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.

२. कर्जाचा बोजा. आरसीवर बँकेचे नाव असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा.

३. नावावर करणे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात. खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी फिरवत राहणे दोघांनाही धोक्याचे आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

४. परराज्यातील गाडी. जिथे नोंदणी आहे तिथल्या आरटीओची एनओसी लागते, आणि आपल्या राज्यात रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, त्यामुळे तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. किमतीत हा कर मिळवूनच स्वस्त की महाग ते ठरवा. तुम्ही दिल्ली परिसरातच राहत असाल, तर आजचा नियम आधी पाहा.

५. विमा. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करा. तसे न केल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, विकणाऱ्याची असते. ती गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे हप्ता थोडा वाढेल, हे धरून चाला.

६. व्यापारी. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ते आवश्यक आहे.

पैसे देताना

गाडी आणि कागद पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका, जाहिरात कितीही चांगली असो. विसार लहान ठेवा आणि त्याची लेखी पावती घ्या. रक्कम बँकेतून, आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जाऊ द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीचा पुरावाही उरत नाही. थोडी रक्कम गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवण्याची अट लेखी करा. विकणाऱ्याचा हेतू सरळ असेल तर तो सहसा नाही म्हणत नाही.

शेवटी, ठरवलेल्या रकमेत मनासारखी गाडी मिळाली नाही, तर तालीम आणखी तीन महिने चालू ठेवा. तेवढ्या काळात ठेवीत बावन्न हजारांची भर पडेल, आणि जुन्या गाड्या तेव्हाही बाजारात असतीलच.