व्हिनाइल प्लॅस्टिकचा रस कसा वाहतो?

काटोल, नरखेड, वरूड या भागांतून प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीस संत्र्यांच्या बागांबरोबर आणखी एक वस्तु वारंवार पडते. ती म्हणजे विहिरीपासून झाडांच्या ओळींपर्यंत पाणी नेणारा करड्या रंगाचा पी. व्ही. सी.चा पाइप. शेतकरी प्रसंगीं कर्ज काढून तो विकत घेतो, जमिनींत पुरतो आणि पुढें पुष्कळ वर्षें त्याच्यावर विसंबून राहतो. हा पाइप टिकेल, कीं ऐन उन्हाळ्यांत बागेस पाण्याची अत्यंत गरज असतां फुटेल, याचा निर्णय बहुतांशीं शेतांत होत नाहीं. कारखान्यांत तो पदार्थ वितळून वाहत असतां थोड्याच मिनिटांत तो होऊन गेलेला असतो. हें वाहणें कोणत्या प्रकारचें असतें, तें आमच्या विद्यार्थ्यांस समजावून देण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

पी. व्ही. सी. म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. व्हिनाइल क्लोराइड नांवाच्या वायूचे शेंकडों रेणु एकापुढें एक जोडले जाऊन त्याची लांब सांखळी बनते. तिच्या वजनांत सुमारें 57 टक्के क्लोरिन असतो. 1872 सालीं औगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञास हा पांढरा घन पदार्थ प्रथम नीट अभ्यासावयास मिळाला. परंतु पुढें अर्धशतक त्याचा फारसा उपयोग कोणास करतां आला नाहीं. कारण उघड होतें. तापवून त्याचा रस करूं जावें, तों तो करपूं लागे. 1926 सालीं अमेरिकेंत वॉल्डो सीमन यांनीं सहजासहजीं न उडणाऱ्या द्रवांत तो मिसळून त्यास मऊ व लवचीक केलें, आणि तेथून त्याच्या उपयोगाचा मार्ग मोकळा झाला.

आतां वाहण्याचा विचार करूं. पाणी, एरंडेल, मध हे पदार्थ न्यूटननें 1687 सालीं सांगितलेल्या साध्या नियमाप्रमाणें वाहतात: वाहण्याचा वेग दुप्पट करावयाचा, तर जोरही दुप्पट लावावा लागतो. व्हिनाइलचा रस हा नियम पाळीत नाहीं. त्याच्या सांखळ्या वाटींतील शेवयांप्रमाणें एकमेकींत गुंतलेल्या असतात. रस हळू ढकलला, तर गुंता कायम राहून तो फार दाट भासतो; जोरानें ढकलला, तर सांखळ्या प्रवाहाच्या दिशेनें सरळ होतात व तो पातळ होतो. म्हणून वेग दुप्पट करण्यास दुप्पट जोर लागत नाहीं. मात्र जोरानें ढकलतांना आंतल्या आंत घर्षण होऊन रस अधिक तापतो, आणि येथेंच धोका सुरू होतो.

या पदार्थाचा दुसरा विशेष त्याहूनही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारखान्यांत येणाऱ्या भुकटीचा एकेक कण मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्श्याएवढा असतो. परंतु तो डाळिंबासारखा असतो. त्याच्या पोटांत मिलिमीटरच्या सुमारें हजाराव्या हिश्श्याएवढे असंख्य बारीक दाणे दडलेले असतात. उष्णता व मळणी यांच्या योगानें डाळिंब फुटतें आणि दाणे एकमेकांवरून घसरूं लागतात. पाहणारास वाटतें, पदार्थ वितळला. वस्तुतः तो अजून वाळूप्रमाणें वाहत असतो. अशा स्थितींत बाहेर काढलेला पाइप राजगिऱ्याच्या लाडवासारखा होय: आकार पुरा, पण दाण्यांचा परस्परांशीं संबंध वरवरचा. आणखी उष्णता व मळणी मिळाली, म्हणजे दाण्यांच्या सीमा पुसट होतात, शेजारच्या सांखळ्या एकमेकींत शिरतात, आणि पदार्थ खरोखर एकजीव होतो.

मग उष्णता वाढवीतच कां नेऊं नये? कारण या सांखळींतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु सुटूं लागतो, आणि सुटलेलें आम्ल पुढील नाशास मदतच करतें. रस पिंवळा, मग तपकिरी, शेवटीं काळा होतो. म्हणून पाइप करणाऱ्यास साधारणपणें 170 ते 200 अंश सेल्सियसच्या अरुंद वाटेनें चालावें लागतें. करपणें लांबविण्यासाठीं भुकटींत कांहीं क्षार मिसळतात. पूर्वीं त्यांत शिशाच्या क्षारांचा वापर फार असे. भारत सरकारनें 2021 सालच्या नियमांन्वयें पाइपांतील तो वापर क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरविलें. शिवाय मेणासारखीं वंगणेंही घालावीं लागतात. वंगण कमी पडलें, तर रस धातूस चिकटून करपतो; अधिक झालें, तर भुकटी नुसती घसरत जाते व एकजीव होत नाहीं.

यंत्रांत शेजारीं शेजारीं फिरणारे दोन स्क्रू भुकटी मळीत पुढें नेतात, व टोंकाच्या साच्यांतून, चकलीच्या सोऱ्यांतून पीठ निघावें तसा, रस पोकळ नळीच्या रूपानें बाहेर पडतो. साच्यांत एखादा कोपरा असा राहिला, कीं जेथें रस थबकतो, तर तेथेंच तो जळून पाइपावर काळ्या रेघा उमटतात.

बाहेर पडलेला रस आपली पूर्वस्थितीही लगेच विसरत नाहीं. ताणलेल्या सांखळ्यांस पुन्हां सैल होण्यास वेळ लागतो. सैल होण्याचा हा काळ व आपण दिलेला काळ यांच्या प्रमाणास शास्त्रांत ‘दबोरा अंक’ असें नांव आहे. बायबलांतील ‘शास्ते’ या पुस्तकांत दबोरा संदेष्ट्रीचें गीत आहे. त्यांतील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ, परमेश्वरापुढें पर्वत वाहिले, असा घेऊन मार्कुस राइनर या शास्त्रज्ञानें 1964 सालीं हें नांव रूढ केलें. पुरेसा काळ मिळाल्यास पर्वतही वाहतात, मनुष्याचें अल्प आयुष्य तें पाहूं शकत नाहीं, असा त्याचा आशय होता. पाइप मात्र घाईनें ओढून थंड केला, तर ताण आंतच गोठतो. म्हणून परीक्षेसाठीं पाइपाचा तुकडा 150 अंशांपर्यंत तापवितात. त्याची लांबी 5 टक्क्यांहून अधिक आखडली, तर पाइप नापास होतो. तो एकजीव झाला आहे कीं नाहीं, हें पाहण्यासही उपाय आहे. तिरपें तासलेलें टोंक थंड डायक्लोरोमिथेनमध्यें बुडवितात. कच्ची राहिलेली जागा तेथें पांढरी पडून उघडी होते.

या विषयाच्या अभ्यासासाठीं नागपुरच्या मुलांस दूर जाण्याचें कारण नाहीं. कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रांतील देणगींतून 1942 सालीं येथें लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था निघाली. 2023 सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्लॅस्टिकचें शास्त्र तेथें शिकविलें जातें. न्यूटनचा नियम न पाळणाऱ्या अशा द्रवांच्या अभ्यासांत गोमंतकांतील माशेल गांवीं जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत राहून कीर्ति मिळविली, हेंही आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

दुकानांत उभा असलेला शेतकरी पक्का पाइप व कच्चा पाइप नुसत्या डोळ्यांनीं ओळखूं शकत नाहीं. दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात. जें त्यास दिसत नाहीं, तें यंत्राजवळ उभ्या असलेल्या मनुष्यास ठाऊक असतें, निदान असावयास पाहिजे. तुमच्यांपैकीं कोणी पुढें त्या जागीं उभा राहिला, तर रस नुसता वाहूं लागला एवढ्यावर त्यानें समाधान मानूं नये. तो एकजीव झाला कीं नाहीं, हें पाहूनच पाइप बाहेर जाऊं द्यावा.