मेंढीपालन : लेंडीखताचा न मांडलेला हिशेब

देशातील मेंढीपालनाची आर्थिक स्थिती मांस व लोकर या दोन उत्पादनांवरून मोजण्याचा प्रघात आहे. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या परिसरात हे माप अपुरे पडते. कावेरीच्या या सुपीक त्रिभुज प्रदेशात सांबा हंगामातील भाताची कापणी आटोपली की रामनाथपुरम, शिवगंगा यांसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून मेंढपाळ आपले कळप घेऊन येतात. दिवसभर धसकटे व बांधावरचे गवत चरलेल्या मेंढ्या रात्री शेतात बसविल्या जातात. तमिळमध्ये या पद्धतीस ‘किडै’ म्हणतात. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

एका शेतात रात्र काढल्यावर कळप पुढच्या तुकड्यात सरकतो. लेंड्यांबरोबर मूत्रही थेट जमिनीत मुरते. साठवणीत व वाहतुकीत होणारा नत्राचा ऱ्हास त्यामुळे बराच टळतो. एकट्याच्या मेंढ्या पुरत नाहीत, म्हणून अनेक मालक कळप एकत्र करतात आणि रात्रीमागे मिळणारा मोबदला मेंढ्यांच्या संख्येप्रमाणे वाटून घेतात. दक्षिणेकडील या मेंढ्यांना लोकर जवळजवळ नसते. म्हणूनच कोकरांच्या विक्रीखालोखाल हाच त्यांचा आधार, आणि रोजच्या खर्चाला रोख पैसा यातूनच मिळतो.

लोकरीची अवस्था महाराष्ट्रातही बिकटच आहे. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर घोंगडीला उत्तम; पण घोंगडीची मागणी घटल्याने कातरणीची मजुरीसुद्धा अनेकदा सुटत नाही.

वरवर पाहता व्यवसाय वाढतो आहे. 2012 मध्ये देशात 6.51 कोटी मेंढ्या होत्या, 2019 च्या विसाव्या पशुगणनेत त्या 7.43 कोटी झाल्या. तथापि या सुमारे 92 लाखांच्या वाढीपैकी 63 लाख एकट्या तेलंगणातील असून, तेथे 2017 पासून शासनाने अनुदानावर मेंढ्यांचे वाटप केले होते. तमिळनाडूत याच काळात संख्या 47.9 लाखांवरून 45 लाखांवर आली.

या घटीस एकच कारण देता येणार नाही. भातानंतर उडीद-मूग घेतलेल्या शेतात कळपाला प्रवेश नसतो. मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडण्याची परंपरा आहे. कालव्यांना पाणी येऊन कुरुवै हंगामाची लगबग सुरू झाली की मुक्काम हलवावा लागतो. पुढे ईशान्य मोसमी पावसात नीलजिव्हा रोगाची भीती असतेच.

सर्वांत मोठी अडचण मात्र पतपुरवठ्याची. 2021 मध्ये सुधारित केलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मेंढी-शेळी पैदास प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यासाठी स्वतःची वा भाडेपट्ट्याची जमीन आणि स्वनिधी किंवा बँकेचे कर्ज लागते. वर्षातील कित्येक महिने दुसऱ्याच्या शेतात राहणाऱ्या मेंढपाळाकडे जमीन नसते, आणि खताच्या मोबदल्याची पावतीही कोणी देत नाही. साहजिकच तो मांस व्यापाऱ्याकडून उचल घेतो व कोकरांच्या भावावरील पकड गमावतो. 2024 मध्ये पशुविम्याच्या हप्त्यातील पशुपालकाचा वाटा 15 टक्क्यांवर आणला गेला, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु दाव्यासाठी कानातील बिल्ला व पशुवैद्यकाचा दाखला हवा, आणि वाटेत दगावलेल्या मेंढीसाठी कळप दोन दिवस थांबवणे मेंढपाळाला परवडत नाही. पुढच्या शेताची रात्र आधीच ठरलेली असते.