उसाचा रानटी पूर्वज

परवा दौंडला भीमेकाठी काश गवताचे पांढरे तुरे डोलत होते, पलीकडे उसाचा फड. "हे दोघं नातेवाईक," म्हटलं तर मित्र हसला!

आजचा ऊस संकरित आहे: जाड, गोड ऑफिसिनॅरम ऊस आणि हे काटक काश. कोइमतूरला १९१२ मध्ये अशाच संकरातून को-२०५ वाण जन्मला.

पुरावा पेशीतच सापडतो. दोन्ही जातींच्या डीएनएला वेगवेगळे चमकते रंग देऊन ते उसाच्या गुणसूत्रांवर सोडायचे. कोणतं गुणसूत्र कुणाचं, ते दिसतं! सुमारे ८० टक्के गोड उसाची, १० टक्के काशाची, बाकी दोघांची मिसळ.

शिरूर-दौंडकडचा को-८६०३२ याच वंशातला. खोडव्याचा जोमही बराचसा काशाकडूनच.

तुमच्याकडे काशाला काय म्हणतात? शंका असतील तर विचारा.